डीव्हीडीची कव्हरं जपायची तर आधी वाळवा, मग झाका

सिनेमांच्या डिस्क जमवणारी माणसं डिस्कवर ओरखडा पडू नये म्हणून जिवाचा आटापिटा करतात. कव्हरांची आठवण मात्र ती पिवळी पडल्यावर किंवा फुगल्यावर होते. मग घाईघाईने प्लास्टिकच्या पिशव्या आणायच्या आणि एकेक केस आत सरकवायची. नुकसान बहुतेक वेळा इथूनच सुरू होतं.

मीही हेच केलं. जुलैतल्या एका रविवारी बसून दीडेकशे डीव्हीडी पिशव्यांत घातल्या, गोंदाच्या पट्ट्या दाबून तोंडं बंद केली आणि कपाट लावून टाकलं. दिवाळीच्या साफसफाईला ते उघडलं तर खालच्या दोन कप्प्यांत कव्हरांवर पांढरट ठिपके. एका संचाच्या पुठ्ठ्याची चकचकीत बाजू प्लास्टिकला इतकी घट्ट बसली होती, की सोडवताना नायिकेचा अर्धा चेहरा पिशवीबरोबर निघून आला. पिशव्या उत्तम होत्या. पुठ्ठ्यातली ओल मीच आत कोंडली होती.

म्हणून या कामात वस्तूंपेक्षा क्रम महत्त्वाचा आहे: निवडणं, वाळवणं, साफ करणं, दुरुस्ती, स्कॅन, पिशवी आणि शेवटी कपाट. यातली एकही पायरी पुढेमागे करू नका.

कधी आणि काय घेऊन बसायचं

हे काम थंडीत करावं. डिसेंबर ते फेब्रुवारी हे दिवस कोकणात आणि मुंबईतही त्यातल्या त्यात कोरडे असतात. पुणे, नाशिक, विदर्भ, मराठवाड्याकडे उन्हाळाही चालतो. जून ते सप्टेंबर नवीन पिशवी भरायची नाही, हे आधीच ठरवून टाका.

सामान फार लागत नाही. रंगकामाचा मऊ रुंद ब्रश, मायक्रोफायबरची दोन कापडं, भांडी घासायचं पातळ साबण, मोजपट्टी, घट्ट झाकणाचा एक मोठा डबा आणि छोटा डिजिटल आर्द्रतामापक. हा मीटर काहीशे रुपयांत मिळतो आणि तोच सगळ्यात उपयोगी पडतो. त्याच्याशिवाय ‘कोरडं झालं असेल’ हा फक्त अंदाज राहतो.

तपासा: मीटर खरं बोलतोय का? बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ते ओल्या वाळूसारखं करा. पूर्ण विरघळू देऊ नका. झाकण आणि मीटर झिपच्या पिशवीत बंद करून आठ तास ठेवा. आकडा ७५ टक्क्यांच्या आसपास यायला हवा. ७० दाखवला तर तुमचा मीटर पाचने कमी सांगतो, हे त्याच्या पाठीवर लिहून ठेवा.

१. आधी निवडा

सगळा संग्रह एका जागी आणा आणि तीन ढीग करा.

पहिला ढीग निरोगी कव्हरांचा. दुसरा दुरुस्तीचा: तुटलेले दाते, तडकलेल्या डब्या, उकललेले पुठ्ठे. तिसरा आजारी: बुरशी, कुबट वास, कसरीने खरवडलेला कागद. तिसरा ढीग ताबडतोब वेगळ्या खोलीत न्या. बुरशीची भुकटी बसल्या जागी पसरते. एकाच कापडाने सगळे ढीग पुसले तर सगळेच आजारी पडतात.

निवडतानाच प्रत्येक केस कशाची आहे ते ओळखून घ्या, कारण पुढे सगळं त्यावर ठरतं. डीव्हीडीची नेहमीची काळी केस पॉलिप्रॉपिलीनची असते. ती दाबली तर वाकते, पटकन तुटत नाही. सीडी-व्हीसीडीची पारदर्शक डबी पॉलिस्टायरीनची असते. ती टणक असते, पडली की काचेसारखी तडकते आणि रसायनांना फार हळवी असते. एका व्हीसीडीवर साधारण ७४ ते ८० मिनिटंच मावतात, म्हणून जुने सिनेमे आणि नाटकं दोन-तीन डिस्कच्या डब्यांत आली. आपल्याकडच्या घरांत या डब्या भरपूर आहेत आणि सगळ्यात जास्त हाल त्यांचेच होतात.

तिसरा प्रकार पुठ्ठ्याचा: बाहेरून चढवलेलं स्लिपकव्हर, घडीचे संच, कागदी पाकिटं. चौथा स्टीलबुकचा, म्हणजे पत्र्याच्या केसचा.

दुकानातलं ताणून बसवलेलं पातळ प्लास्टिक अजून अंगावर असेल तर ते काढा. ‘सीलबंद आहे, राहू दे’ असं बरेच जण म्हणतात, पण ते प्लास्टिक वर्षानुवर्षं आवळत जातं आणि आतल्या पुठ्ठ्याच्या कडा वाकवतं. काढताना ब्लेड कव्हरवरून फिरवू नका. केसच्या उघडणाऱ्या बाजूला जी फट असते, तिथून नखाने सुरुवात करा.

२. वाळवा, आणि वाळलंय हे सिद्ध करा

सगळ्यात जास्त चुका या पायरीवर होतात, म्हणून इथे घाई करू नका.

केस उघडा, डिस्क काढून वेगळी ठेवा. डिस्क काढताना मधल्या पकडीवर अंगठा दाबा आणि ती सुटली की उचला. कडेने ओढलं की डिस्क वाकते आणि पकडीचे दातेही तुटतात. मग उघडी केस टेबलावर तंबूसारखी उभी करा. आतला छापील कागद बाहेर काढून स्वच्छ कोऱ्या कागदावर पसरा. स्लिपकव्हरचा बोगदा उभाच ठेवा, म्हणजे आतून हवा खेळते. खोलीत पंखा मंद चालू ठेवा, पण त्याचा झोत थेट कागदावर नको. दोन पूर्ण दिवस असंच राहू द्या.

सावध: वाळवणासारखं उन्हात टाकू नका. ऊन लागलं की लाल-पिवळे रंग आधी उडतात आणि चित्र निळसर होतं. दुकानाच्या काचेतली जुनी पोस्टरं आठवा. हेअर ड्रायरने कागद वाळवू नका. एक बाजू आधी सुकते आणि कागद गुंडाळतो.

दोन दिवसांनी कागद हाताला कोरडा लागतो आणि तेवढ्यावर लोक पुढे जातात. हाताला कोरडा लागणं पुरेसं नाही. झाकणाच्या डब्यात पंधरा-वीस केसेस आणि स्लिपकव्हरं सैलसर भरा, मध्ये मीटर ठेवा, झाकण लावा आणि रात्रभर हात लावू नका. बंद डब्यात पुठ्ठा आपली ओल हवेला देतो, त्यामुळे सकाळी दिसणारा आकडा खोलीचा नसून तुमच्या कव्हरांचा असतो.

माझ्या पहिल्या खेपेला खोलीत ४८ टक्के होते आणि सकाळी डब्यात ६७. पुठ्ठ्याचे दोन जाड संच तेवढी ओल धरून बसले होते. ते बाजूला काढून आणखी चार दिवस ठेवले, तेव्हा आकडा ५२ वर आला.

तपासा: डब्यातला आकडा ५५ च्या वर असेल तर पुढची पायरी नाही. ६५ च्या वर बुरशीला अनुकूल हवा तयार होते. ४० ते ५० ही उत्तम जागा. फार खाली, ३० च्या खाली, जाऊ नका. कागद आणि डिंक ठिसूळ होतात.

आजारी ढीग असाच वाळवायचा, पण वेगळ्या खोलीत आणि जास्त दिवस. बुरशी पूर्ण सुकून भुकटीसारखी झाली की मगच हात लावायचा. एन-९५ मास्क लावून गच्चीत किंवा बाल्कनीत सावलीला उभे राहा आणि मऊ ब्रशने बुरशी स्वतःपासून दूर झाडा. ओल्या कापडाने कागदावरची बुरशी पुसली तर ती धाग्यांत घुसते. तो ब्रश पुन्हा निरोगी कव्हरांना लावू नका.

चकचकीत कागद प्लास्टिकला किंवा दुसऱ्या कागदाला चिकटलेला आढळला तर ओढू नका. भोवतालचं प्लास्टिक कात्रीने कापून तेवढा तुकडा तसाच राहू द्या. अर्धं चित्र गमावण्यापेक्षा बोटभर प्लास्टिक चिकटलेलं बरं.

३. साफसफाई आणि किमतीची चिठ्ठी

केस रिकामी असेल तर ती धुता येते. कोमट पाणी, थोडं साबण, मऊ कापड, मग सावलीत उलटी ठेवून निथळायची. पकडीच्या दात्यांच्या खाचेत पाणी राहतं, त्यामुळे एक रात्र जाऊ द्या. कागद आणि पुठ्ठ्याला मात्र पाण्याचा थेंबही नको. फक्त कोरडा ब्रश, मधून कडेकडे.

किमतीच्या चिठ्ठीवर सगळे घसरतात. काळ्या केसवर बाहेरचं जे पारदर्शक आवरण असतं, त्यावर चिठ्ठी असेल तर आतला कागद काढून घ्या, हेअर ड्रायरची मंद ऊब दहा-पंधरा सेकंद द्या आणि चिठ्ठी जवळजवळ आडवी धरून सावकाश सोलत न्या. वर काटकोनात ओढली की कागद फाटून डिंक मागे राहतो. राहिलेला डिंक कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा दोन थेंब निलगिरीचं तेल लावून निघतो.

सावध: निलगिरी, थिनर, पेट्रोल आणि नेलपॉलिश काढायचं द्रव पारदर्शक पॉलिस्टायरीनच्या डबीवर कधीही वापरू नका. डबी धुरकट होते, विरघळते किंवा तिला केसांसारख्या चिरा पडतात. तिथे फक्त चिकटपट्टीच्या चिकट बाजूने टिपून डिंक उचला.

पुठ्ठ्यावरची चिठ्ठी ऊब देऊनही हलत नसेल तर राहू द्या. खोबरेल तेलाचा घरगुती उपाय पुठ्ठ्यावर कायमचा तेलकट डाग ठेवून जातो. आणि चकाकणारा होलोग्राम काढूच नका. तो मूळ कव्हराचाच भाग आहे.

४. दुरुस्ती

पकडीचे दाते तुटलेली डीव्हीडीची केस दुरुस्त करत बसू नका. नवी रिकामी केस घ्या आणि जुना कागद त्यात घाला. घेताना कण्याची, म्हणजे शीर्षक छापलेल्या उभ्या कडेची, जाडी मोजा. नेहमीची केस १४-१५ मिलिमीटर जाड असते, बारीक केस त्याच्या निम्मी. बारीक केसमध्ये जाड कण्याचा कागद घातला की शीर्षक मागच्या बाजूला सरकतं आणि कागदाला नको तिथे घडी पडते. काही संचांत डिस्क फोमच्या गोल बोंडावर बसवलेली असते. असं बोंड चिकट झालं किंवा भुगा व्हायला लागलं असेल तर डिस्क लगेच काढून वेगळ्या पाकिटात ठेवा.

उकललेल्या पुठ्ठ्याला फेव्हिकॉलचा अगदी पातळ हात पुरतो. काडीने लावा, बाहेर आलेलं लगेच पुसा, वर-खाली बटर पेपर ठेवून पुस्तकांच्या वजनाखाली रात्रभर दाबा. गव्हाची खळ वापरू नका. कसर आणि झुरळांना ती फार आवडते.

सेलोटेप कुठेच नाही, आतल्या बाजूनेही नाही. काही वर्षांत त्याचा डिंक पिवळा होऊन कागदात झिरपतो आणि पट्टी गळून पडते. डाग तेवढा राहतो. कागद फाटला असेल तर कागद-जतनासाठी मिळणारी पातळ आम्लमुक्त पट्टी मागच्या कोऱ्या बाजूने लावा. तीही नसेल तर फाटका कागद तसाच केसच्या आवरणात सपाट बसवा. आवरणच त्याला धरून ठेवतं.

रबरबँड लावलेले संच असतील तर ते आत्ता सोडवा. आपल्या हवेत रबर वितळून चिकटतं.

५. स्कॅन

कागद बाहेर आहेत तोवर हे उरकून घ्या. डीव्हीडीचा पूर्ण कागद साधारण २७३ × १८३ मिलिमीटर असतो, म्हणजे तो ए-४ स्कॅनरच्या काचेवर आडवा अख्खा मावतो. ६०० डीपीआयला करा, पुढची-मागची बाजू आणि पुस्तिका असेल तर तिचं प्रत्येक पान. फाइलला सिनेमाचं नाव आणि वर्ष द्या. पुढे कधी कागद गेलाच तर हेच स्कॅन छापून केसमध्ये घालता येईल.

६. पिशवी: माप, जात आणि तोंड

आता पिशव्या. आधी जात बघा. पीव्हीसीची मऊ, अंगाला चिकटणारी, नव्या रेनकोटासारखा वास येणारी पिशवी नको. तिला मऊपणा देणारं द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि छपाईची शाई ओढून घेतं. पॉलिप्रॉपिलीनची पिशवी हवी: स्वच्छ पारदर्शक, हातात करकरणारी, बिनवासाची.

तपासा: दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नका. पिशवीचा नखाएवढा तुकडा कापा, साबणाच्या पाण्यात बुडवा, बुडबुडे झटकून बोटाने तळाशी न्या आणि सोडा. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं असतं, वर येतं. पीव्हीसी तळाशीच बसतं.

जाडी ४० ते ५० मायक्रॉन. मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटला किंवा पुण्यात बोहरी आळीत विचारलंत तर दुकानदार गेजमध्ये बोलेल. १०० गेज म्हणजे २५ मायक्रॉन, तेव्हा २०० गेज मागा.

माप स्वतः काढा. पिशवीची रुंदी म्हणजे केसची रुंदी अधिक जाडी अधिक ३ मिलिमीटर. डीव्हीडीची केस सुमारे १९० × १३५ × १५ असते, म्हणून १५३ रुंद. वर स्लिपकव्हर असेल तर आणखी २. लांबी १९० अधिक १५, म्हणजे किमान २०५, आणि झाकणाची पट्टी वेगळी. व्हीसीडीच्या १४२ × १२५ × १० च्या डबीला १३८ रुंदी पुरते. ब्ल्यू-रेची केस डीव्हीडीपेक्षा बुटकी असते आणि जाडी बदलते, ती मोजूनच घ्या. पिशवी घट्ट असेल तर सरकवताना स्लिपकव्हरचे कोपरे पांढरे पडतात. फार ढगळ असेल तर कपाटात शेजारच्याला अडकून दुमडते.

गोंदाच्या पट्टीकडे नीट बघा. बहुतेक पिशव्यांत गोंद झाकणाच्या पट्टीवर असतो. केस बाहेर काढून पुन्हा आत घालताना ही पट्टी मागे वळते, गोंद पुठ्ठ्याच्या तोंडाला लागतो आणि तिथला रंगाचा पापुद्रा उचलून आणतो. एका क्षणात होतं आणि भरून येत नाही. गोंद पिशवीच्या अंगावर असलेल्या पिशव्या मिळाल्या तर त्या घ्या. नाहीतर गोंदावरची संरक्षक पट्टी काढूच नका. झाकण नुसतं मागे दुमडा.

मी दुसराच मार्ग धरतो, गोंद असो वा नसो. तोंड वर, झाकण मागे दुमडलेलं, न चिकटवलेलं. धूळ आत जात नाही आणि ओल अडकून बसत नाही.

स्टीलबुक घालण्याआधी बोटांचे ठसे कोरड्या कापडाने पुसा. घाम पत्र्यावर राहिला आणि रंगाला बारीक चरा असला की आपल्या दमट हवेत तिथून गंज धरतो.

७. कपाट

पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून दक्षिण-पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला टेकून कपाट नको. दुसरी जागाच नसेल तर मागे चार बोटं अंतर सोडा. खालचा कप्पा फरशीपासून निदान वीतभर वर असावा, पुसायच्या पाण्यापासून दूर.

कप्प्यात जुनं वर्तमानपत्र अंथरायची आपल्या घरांची सवय इथे मोडा. तो कागद आम्लधर्मी असतो, ओल धरतो आणि कसरीला घर देतो. फळी कोरडी पुसून मोकळीच ठेवा.

डांबरगोळ्याही नकोत. त्यांची वाफ पॉलिस्टायरीनला मऊ करते आणि व्हीसीडीच्या डब्या एकमेकींना चिकटतात. कडुलिंबाचा पाला घालणारेही आहेत. पाला वाळलेला दिसला तरी त्यात ओल असते आणि चुऱ्याने कव्हरं मळतात. कसरीला खरा उपाय म्हणजे कोरडेपणा.

केसेस पुस्तकांसारख्या उभ्या लावा. आडवी रास केली की खालच्या पुठ्ठ्यावर सगळा भार येतो. ६० सेंटिमीटरच्या फळीवर १५ मिलिमीटरच्या ४० केसेस मोजून बसतात, पण तुम्ही ३७ च लावा.

तपासा: मधली कोणतीही केस दोन बोटांनी ओढा. शेजारच्या न हलता ती सरकत आली तर जागा बरोबर. काढताना स्लिपकव्हरच्या वरच्या कडेला बोट अडकवू नका. शेजारच्या दोन केसेस थोड्या आत ढकला आणि हवी ती दोन्ही बाजूंनी धरा.

कुणी सिनेमा मागितला तर डिस्क साध्या केसमध्ये घालून द्या. मूळ कव्हर घरीच राहू द्या.

८. जून ते ऑक्टोबर

कपाट बंद होणारं असेल तर सिलिका जेल उपयोगी पडतं. उघड्या फळ्यांवर त्याचा उपयोग नाही. नारिंगी रंगाचं घ्या, ते ओल प्यायलं की हिरवं होतं. निळं, गुलाबी होणारं जेल कोबाल्ट क्लोराइडचं असतं, मुलं असलेल्या घरात ते टाळावं. दाणे कापडी पुरचुंडीत ठेवा. रंग बदलला की दाणे एका स्वतंत्र जुन्या ताटलीत काढून ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवा, गार करून परत भरा. स्वयंपाकाचं भांडं यासाठी वापरू नका.

पावसाळ्यात मीटर आठवड्यातून एकदा कपाटात बघा. ६० च्या वर गेला तर पुरचुंडी बदला. इथे एक चूक हमखास होते: ‘जरा हवा लागू दे’ म्हणून भर पावसात कपाट सताड उघडलं जातं. त्या दिवसांत मुंबईत, कोकणात बाहेरच्या हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. तुम्ही आत घेता ती ओलच. लागेल तेवढंच उघडा आणि लगेच लावा.

ऑक्टोबरात पाऊस पूर्ण थांबला, ऊन तापायला लागलं, की दुपारच्या वेळी दारं उघडी ठेवा. प्रत्येक कप्प्यातून तीन केसेस काढा: दोन टोकांच्या आणि एक मधली, भिंतीकडची. पिशवीतून बाहेर काढून स्लिपकव्हरच्या आत नाक घाला. ठिपके दिसण्याआधी कुबट वास येतो. एका जरी केसला तो आला तर तो पूर्ण कप्पा दुसऱ्या पायरीवर परत न्या.